तिसऱ्या कडव्यातला शब्द

१

सकाळी दहाला रेडिओवाला धडधडत जिना उतरला आणि माझं टेबल धरून उभा राहिला.

"ताई, कॅसेट नाही. मशीन आहे जागेवर, कॅसेट नाही!"

मी हातातलं लाल पेन खाली ठेवलं. अर्ध्या ओळीत मी पेन कधी ठेवत नाही, कारण अर्ध्यात सोडलेली चूक हमखास छापून येते. चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचल्यावर हे अंगात भिनलेलं असतं. पण ही कॅसेट म्हणजे काय होती ते मला चांगलंच ठाऊक होतं.

आमचं मंडळ बाईंच्या श्रोत्यांचं. बाई लोकगीतं गायच्या, चाळीस वर्षं गायल्या आणि एकदाही कुणाला ध्वनिमुद्रण करू दिलं नाही. "गाणं डब्यात भरलं की त्याला वास येतो," म्हणायच्या. दहा वर्षांपूर्वी याच इमारतीतल्या वरच्या सभागृहात त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि तीन महिन्यांत त्या गेल्या. मागं राहिल्या त्या लोकांच्या आठवणी. त्या आठवणींची तीनशे बारा पत्रं मंडळाकडे आली होती, त्यांचं पुस्तक निघत होतं आणि त्याची प्रुफं माझ्यापुढे होती.

मग दोन महिन्यांपूर्वी इथल्या जुन्या दारवानाची बायको रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट घेऊन आली. नवऱ्याच्या माघारी कपाट आवरताना सापडली म्हणाली. त्या पठ्ठ्यानं शेवटच्या कार्यक्रमात रंगमंचाच्या पायरीखाली टेपरेकॉर्डर लपवला होता आणि मरेपर्यंत कुणाला पत्ता लागू दिला नव्हता! फीत तुटली होती, ती रेडिओवाल्यानं जोडली. मंडळानं ठराव केला की कुणी एकट्यानं ऐकायची नाही. आज पाच वाजता, वरच्या सभागृहात, सगळ्यांनी मिळून ऐकायची.

माझ्यासमोर बसलेल्या बाईंच्या लेकीनं चहाचा कप हळूच बशीत ठेवला. ती साडेनऊला लांबच्या गावाहून आली होती आणि सातच्या बसनं परत जाणार होती. मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे, उद्या पहाटेची पाळी. आल्या आल्या तिनं मला एकच गोष्ट सांगितली होती.

"ताई, मला आईचा चेहरा आठवतो, हात आठवतात, साडीचा काठसुद्धा आठवतो. आवाज आठवत नाही. दहा वर्षं प्रयत्न करतेय. लोक म्हणतात, तुझ्या आईचा आवाज अजून कानात आहे. माझ्या कानात नाही हो."

 ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"पाच वाजायला सात तास आहेत," मी म्हटलं. "माझ्या हाताखालून अख्खं पुस्तक सात तासांत जातं. ही तर एक कॅसेट आहे."

वर गेलो तर हेडमास्तरांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता. "चोर बाहेरचा नाही! किल्ली ज्याच्याकडे, चोरी त्याची!"

रेडिओवाला पायरीवरच थबकला. किल्ली त्याच्याकडे होती.

२

हेडमास्तर म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून समोरच्याला ते बाकावर उभंच करतात. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि यंत्र ठेवलं होतं ती सभागृहामागची खोली नीट पाहिली.

खोलीत एक टेबल, त्यावर कॅसेटचं यंत्र, कर्ण्यांच्या तारा, एक खिडकी. दार शेजारच्या मोठ्या खोलीत उघडतं. तिथं भिंतीला टेकून आमचे डफवाले काका बसले होते. काकांनी बाईंना एकतीस वर्षं साथ केली. त्यांचा डफ खोळीत, मांडीवर.

"सांग, काय काय केलंस ते," मी रेडिओवाल्याला म्हटलं.

"नऊला कॅसेट घातली. इथले आकडे शून्यावर आणले. ते मी नेहमीच आणतो, हात आपोआप जातो. मग तार कमी पडली म्हणून दुकानात गेलो. दाराला कुलूप नाही लावलं, ताई. ती माझीच चूक. दहाला आलो तर झाकण उघडं."

यंत्राच्या कोपऱ्यात एक चिमुकली चौकट होती. फीत फिरली की तिच्यातले आकडे फिरतात. मी चष्मा पुसून वाचलं. दोनशे एकतीस.

"हे शून्य होतं?"

"शप्पथ!"

"फीत पुढे पळवली असेल कुणीतरी."

"पुढे पळवायचं बटणच मोडलंय. कधीचं म्हणतोय नवीन घालू, तर अध्यक्ष म्हणतात, चालतंय ना, मग चालू दे."

हेडमास्तर एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना बहुतेक एखादा पक्षी दिसला असावा.

मी रेडिओवाल्याला दुसरी कुठलीही कॅसेट घालायला लावली, आकडे शून्यावर आणले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. दोनशे एकतीस यायला बावीस मिनिटं लागली. बाकीचे कंटाळून चुळबुळ करत होते. मला मात्र मजा वाटत होती, कारण चोरानं मागं स्वतःची सही ठेवली होती आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

"आता बघा," मी म्हटलं. "नुसती कॅसेट पळवायची असती तर झाकण उघडायचं आणि खिशात घालायची. दोन सेकंदांचं काम. हा माणूस पकडला जाण्याची जोखीम घेऊन बावीस मिनिटं ऐकत बसला. बरं, बाईंचा आवाज ऐकायची हौस असती तर तीस मिनिटांची बाजू शेवटपर्यंत ऐकली असती. हा मधेच थांबला. याला काहीतरी तपासायचं होतं. ते बाविसाव्या मिनिटाला सापडलं आणि त्यानं कॅसेट काढून घेतली."

"काय सापडलं?" लेकीनं विचारलं.

ते मला अजून माहीत नव्हतं. पण आमच्यातल्या एकाला माहीत होतं.

३

पहिला नंबर भांडारचा. त्याचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. बाईंच्या कार्यक्रमाची तिकिटं, बाईंनी पाणी प्यायलेला पेला, चपलेचा तुटलेला पट्टा, सगळं त्याच्या घरी काचेखाली आहे. त्यामुळे सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो फणकारला.

"कॅसेट माझ्याकडेच शोभली असती, हे मी उघड बोललोय! पण मी पावणेदहाला आलो. हारवाल्याला विचारा, त्यानंच मला दारात अडवून पत्ता विचारला."

पावणेदहा ते दहा, पंधरा मिनिटं. माझी बावीस त्यात बसत नव्हती. हारवाल्यानंही तेच सांगितलं.

हेडमास्तर नऊपासून खुर्च्या लावून घेत होते. खुर्चीवाले चौघे होते, चौघेही वैतागलेले. "साहेब पाच मिनिटं आम्हाला सोडतील तर शप्पथ," त्यांतला एक म्हणाला. "रांग वाकडी, रांग वाकडी, एवढंच ऐकतोय सकाळपासून."

"तुम्हाला कॅसेट नको होती का पण?" मी हेडमास्तरांना सरळच विचारलं.

ते चिडले. "नको? अहो, माझं आजचं भाषणच त्यावर आहे! वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी बाईंनी ते नवं गाणं एकही शब्द न चुकता म्हटलं. मी पहिल्या रांगेत होतो. तिसरं कडवं तर माझ्या कानात कोरलंय. 'येताना मी चिखल आणीन, रागे नको भरू.'"

"चिखल?" भांडार म्हणाला. "ऊन! 'येताना मी ऊन आणीन.' मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवलंय."

"तू लिहून ठेवलंस चुकीचं!"

"तुम्ही ऐकलंत चुकीचं!"

दोघं हमरीतुमरीवर आले. मी मात्र जिन्याकडे धावले. वय अठ्ठावन्न आणि डावा गुडघा दुखरा, तरी धावले. कारण गेला आठवडाभर प्रुफं वाचताना याच ओळीनं माझा जीव खाल्ला होता आणि मी मूर्खासारखी त्यात चुका शोधत बसले होते.

४

गाणं साधं होतं. बाहेर गेलेली पोर आईला म्हणते:

दार लोटून ठेव गं आई, बंद नको करू,
येताना मी धूळ आणीन, रागे नको भरू.

दुसऱ्या कडव्यात धुळीच्या जागी काटे. तिसऱ्यात आणखी काहीतरी. दर कडव्याला एकच शब्द बदलतो. बाईंनी ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा आणि शेवटचंच म्हटलं. त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

मी पत्रांचा गठ्ठा सोडला आणि तिसऱ्या कडव्याचा उल्लेख असलेली पत्रं बाजूला काढली. लेक माझ्याशेजारी बसून शब्द कागदावर उतरवत गेली. चिखल. ऊन. पाणी. फुलं. भूक. वारा. एका मिठाईवाल्यानं चक्क साखर लिहिली होती. शिंपीणबाईंच्या पत्रात फाटका पदर होता.

"एकोणीस," ती म्हणाली. "एकोणीस वेगवेगळे शब्द. आणि प्रत्येकानं लिहिलंय, आवाज अजून कानात घुमतो."

"माणसं खोटं बोलत नाहीयेत," मी म्हटलं. "हे वाच. 'बाईंचा आवाज अगदी माझ्या कानाशी आला.' आणि हे. 'जणू माझ्याच गळ्यातून गात होत्या.' आणि हे, सगळ्यांत एकसारखं. 'तिसऱ्या कडव्याला बाईंनी हात पसरला.'"

"आई हात पसरायची तो लोकांनी म्हणावं म्हणून. पण कार्यक्रमात ते ध्रुवपदाला."

"आणि इथं तिसऱ्या कडव्याला. धूळ झाली, काटे झाले, लोकांना गाण्याची चाल आणि मेख दोन्ही कळली होती. बाईंनी हात पसरला आणि तीनशे माणसांनी जो शब्द तोंडाला आला तो म्हटला. बाकीची ओळ एकच, त्यामुळे गोंधळ कुणाला जाणवला नाही. आज प्रत्येकाला वाटतं की आपला शब्द बाईंचा."

लेकीचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे आई त्या जागी गायलीच नाही."

"नाही. आणि बाविसाव्या मिनिटाला तेच आहे."

माझ्या हातात एक पत्र उरलं होतं. अख्ख्या गठ्ठ्यात तिसऱ्या कडव्याबद्दल लिहून शब्द न लिहिणारं हे एकच पत्र. दोनच वाक्यं होती. "तिसऱ्या कडव्याला बाईंनी हात पसरला. मी ठेका सोडला नाही."

खाली सही करायचीही गरज नव्हती.

५

दुपारचे दोन वाजले होते. काका अजून त्याच जागी, भिंतीला टेकून. पलीकडे गच्चीवर लख्ख ऊन पडलं होतं.

"काका, सकाळी नऊ ते दहा इथंच होतात ना?"

"डोळा लागला होता गं माझा."

"शेजारच्या खोलीत बाई बावीस मिनिटं गात होत्या आणि तुमचा डोळा लागला होता? कुणाची एक मात्रा चुकली तर तुम्ही झोपेतून उठता, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलंय."

काका हसले, पण ते हसू काही ओठांपलीकडे गेलं नाही.

"आणि तीन तासांनी तुम्हाला वाजवायचंय," मी म्हटलं. "एकतीस वर्षं तुम्ही कार्यक्रमाच्या दिवशी बारापासून डफ उन्हात ठेवता, कातडं ताणून यावं म्हणून. आज दोन वाजून गेले आणि डफ अजून खोळीत. खोळ उघडायची नाहीये तुम्हाला. आत डफाबरोबर आणखी काहीतरी आहे."

 काकांनी खोळीची नाडी सोडली, आत हात घातला आणि कॅसेट माझ्या हातात दिली.

"रेडिओवाल्यावर आळ येईल असं नव्हतं वाटलं गं. त्याची माफी मागतो मी सगळ्यांसमोर. पण ही वाजवू नका."

"का?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. लेक दारात उभी होती. काकांनी मान खाली घातली.

"पोरी, तुझ्यासमोर कसं बोलू. त्या दिवशी बाई विसरल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. ते एक वेळ मी पोटात घातलं असतं, वय होतं. पण विसरल्या आणि माझ्याकडे वळून हळूच बोलल्या. ध्वनिक्षेपकात आलं नाही, सभागृहाला ऐकू गेलं नाही. मला वाटायचं, ते मी एकट्यानंच ऐकलंय. मग कळलं की रेकॉर्डर पायरीखाली, बाईंच्या पायाशी होता. रात्रंदिवस तोच घोर. आज सकाळी लावून बघितली. आहे त्यात. स्पष्ट आहे."

"काय बोलली आई?"

"समोर नसलेलं माणूस त्यांना दिसायला लागलं होतं गं. तुला हाक मारत होत्या. बाईंचं डोकं शेवटी ठिकाणावर नव्हतं, हे तीनशे लोकांनी ऐकायचं? आणि तू? तू तर आली नव्हतीस त्या दिवशी. ते घेऊन सातच्या बसनं जाणार होतीस? मी एवढंच म्हटलं, माझ्या जिवंतपणी हे होऊ द्यायचं नाही."

मला काकांचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट मी उगाच चष्मा पुसला.

"शब्द सांगा काका," लेक म्हणाली. "नेमके शब्द."

काकांनी डोळे मिटले. "'इथं चिमणी.' एवढंच. 'इथं चिमणी.'"

आणि बाईंची लेक खळखळून हसली.

६

काका घाबरून माझ्याकडे बघायला लागले. मीही पुढे झाले. पण ती हसतच खाली बसली आणि मग रडायला लागली. दोन्ही एकदमच चाललं होतं.

"काका, आई विसरली नव्हती. ती ओळ तिची नव्हतीच. माझी होती."

काकांना कळेना. मलाही कळेना, आणि मला न कळणं फार क्वचित घडतं.

"गाणं आईनं घरी केलं, मी सात वर्षांची, तिची चिमणी असताना," तिनं पदरानं नाक पुसलं. "दोन कडवी केली तिनं. धूळ आणि काटे. मी शाळेतून रोज कुठंतरी रेंगाळून यायचे आणि रोज बोलणी खायचे. एक दिवस मी दारातूनच तिसरं कडवं म्हटलं, मार चुकावा म्हणून. आई इतकी हसली! त्यानंतर घरी हे गाणं म्हटलं की पहिली दोन ती म्हणायची आणि तिसऱ्याला थांबायची. हात पसरायची आणि म्हणायची, 'इथं चिमणी.' मग मी म्हणायचे. ती ओळ आईनं कधी, कधीच म्हटली नाही. तुझी आहे ती, म्हणायची. मघाशी पत्रं वाचताना तेच मनात आलं होतं, पण आईनं ती जागा माझ्यासाठी सोडली असेल असं म्हणवेना."

 काकांचा ओठ हलत होता.

"त्या कार्यक्रमाला मी येणार होते," ती पुढे म्हणाली. "वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. गाणं सोडून मी नोकरी धरली म्हणून. तिनं चिठ्ठी पाठवली, ये. मी पाळी संपवून निघाले, आले तेव्हा सभागृह झाडत होते. शरमेनं तशीच परत फिरले, भेटलेही नाही. दहा वर्षं मला वाटतंय की आई रागावून गेली."

मी कॅसेट रेडिओवाल्याच्या हातात दिली. काकांकडे वळून म्हटलं, "डफ उन्हात ठेवा. तीन वाजतायत."

पाचला सभागृह तुडुंब भरलं. काका आधी उभे राहिले आणि त्यांनी रेडिओवाल्याची जाहीर माफी मागितली. रेडिओवाला इतका लाजला की कर्ण्यामागे लपला. हेडमास्तरांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला. का, ते मी त्यांना चहाच्या वेळी समजावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाचं तरी पुरतं ऐकून घेतलं.

फीत फिरायला लागली. आधी खरखर, कुणाचं तरी खोकणं, आणि मग बाई.

मी लेकीकडे बघत होते. पहिल्या सुराला तिनं दोन्ही हात कानांवर नेले आणि तसेच धरून ठेवले, जणू आवाज सांडेल. "हाच," ती पुटपुटली. "हाच हो ताई."

बाविसाव्या मिनिटाला बाई थांबल्या. फितीतला डफ चालू राहिला. आणि अगदी जवळून, हळूच, हसरा, पूर्ण शुद्धीतला आवाज आला, "इथं चिमणी."

रंगमंचावर काकांनी तोच ठेका उचलला. रेडिओवाल्यानं फीत थांबवली. ते काही ठरलेलं नव्हतं, त्याचा हात आपोआप गेला. सभागृहात फक्त डफ उरला. लेक उभी राहिली. तिचा गळा काही गायिकेचा राहिलेला नाही, सूर जरा हलला, पण शब्द पक्का होता:

येताना मी उशीर आणीन, रागे नको भरू.

मागच्या रांगेतून कुणीतरी हुंदका दिला. माझ्या शेजारी भांडार बसला होता. त्यानं खिशातून दहा वर्षांपूर्वीचा तो कागद काढला, 'ऊन' लिहिलेला, आणि खोडायला पेन उघडलं. मी त्याचा हात धरला.

"खोडू नकोस. तुझ्यापुरता तोच खरा आहे."

चौतीस वर्षांत असं वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच गेलं. पुस्तकात एकोणीसच्या एकोणीस शब्द मी जसेच्या तसे ठेवले, एकावरही लाल खूण नाही. मिठाईवाल्याची साखरसुद्धा तशीच आहे. फक्त शेवटच्या पानावर गाणं दिलंय, त्यात दोन कडवी बाईंच्या नावानं आहेत आणि तिसरं चिमणीच्या.

लोकांनी तिला त्या संध्याकाळी ती ओळ सहा वेळा म्हणायला लावली. काका प्रत्येक वेळी ठेका धरत होते. तिची सातची बस निघून गेली. शेवटी हेडमास्तरांनी स्वतः रुग्णालयात फोन लावला आणि आपल्या शाळेतल्या आवाजात कळवलं की पोरीला यायला उशीर होईल, आणि कुणी रागावू नये.